अजूनताईंचं मोजमाप

त्यांचं खरं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं. इस्पितळात सगळे त्यांना अजूनताई म्हणत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस पलंगावर बसायचा, पाय दुमडायला लागायचा, कळ मस्तकात जायची आणि तो म्हणायचा, "बस्स." मग ताई शांतपणे म्हणायच्या, "अजून थोडं." आवाज चढवायच्या नाहीत, दटावायच्या नाहीत. पण पाय अजून थोडा दुमडायचाच. पेशंट त्यांच्या नावाने बोटं मोडत घरी जायचे आणि पुढच्या खेपेला एखाद्या मावशीलाही बरोबर घेऊन यायचे.

ताई फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांची खोली तळमजल्यावर, एक्सरेच्या पलीकडे. दोन पलंग, मधे हिरवा पडदा, चालायचा सराव करण्यासाठी दोन समांतर दांडे आणि एका पायडलाशी कुरकुरणारी सायकल. भिंतीवर काचेत लावलेला एक तक्ता होता. वर ठळक अक्षरात 'पाढ्यांची पद्धत' असं लिहिलेलं. ही पद्धत ताईंची स्वतःची.

ती सापडली एका किराणा दुकानदाराच्या गुडघ्यात. पाय दुमडताना तो ओरडत नसे, पुटपुटत असे. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. ताईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुखायला लागलं की मी हिशोबात शिरतो. तिथे मला बायकोचंही ऐकू येत नाही." त्याचा गुडघा इतरांच्या आधी वळायला लागला. ताईंनी दुसऱ्या पेशंटला पाढे म्हणायला लावले, मग तिसऱ्याला. पुढे खोलीचं रूपच पालटलं. एका पलंगावर बाराचा पाढा, दुसऱ्यावर सतराचा. एक निवृत्त मुख्याध्यापक एकोणिसाच्या पाढ्यात अडकले आणि शरमेने पुढच्या वेळी पाठ करून आले. लांबलांबच्या इस्पितळांतून लोक ही पद्धत बघायला येऊन गेले. सर्जन चिठ्ठीवर लिहायचे, 'ताईंकडे पाठवणे, पाढे.'

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आरोग्य क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठी असलेल्या क्लिनिकल रिसर्चच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. उपचार खरंच लागू पडतो की नाही, हे पेशंटांवर रीतसर तपासून बघायला शिकवणारा हा अभ्यासक्रम. संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग.

"नातवंडं खेळवायच्या वयात दप्तर?" सासूबाई म्हणाल्या.

"नातवंडं आहेत कुठे?"

"तेच म्हणतेय मी."

वर्गात दोन डॉक्टर होते, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक फार्मसिस्ट आणि अतिदक्षता विभागातल्या एक सिस्टर. ताई सगळ्यांत मोठ्या. शिकवणारे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. सडपातळ, मार्करचं टोपण चावायची सवय असलेले. कोणी काहीही म्हटलं की ते विचारायचे, "कशावरून?" आठवड्याभरात वर्गाने त्यांचं नाव शंकासुर ठेवलं. ते त्यांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणी ठेवलं?" आणि उत्तर आल्यावर, "कशावरून?"

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "प्रबंधाला विषय निवडताना एक करा. जी गोष्ट खोटी निघाली तर तुम्हाला मनापासून वाईट वाटेल, तीच तपासायला घ्या. बाकीच्या गोष्टी दुसरं कोणीही तपासेल."

ताई म्हणाल्या, "माझी पाढ्यांची पद्धत."

"अहो ताई, ती तर सिद्धच आहे," शेजारचा फार्मसिस्ट म्हणाला.

शंकासुरांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. फार्मसिस्टने स्वतःच म्हटलं, "कशावरून."

अभ्यास आखला गेला. गुडघ्याचा सांधा बदललेले पेशंट घ्यायचे. निम्म्यांना नेहमीचे व्यायाम. निम्म्यांना तेच व्यायाम, पण पाढे म्हणत. कोणाला काय मिळणार ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरणार, आणि पाकिटं फार्मसिस्टकडे. व्यायाम ताईंच्या हाताखालच्या ज्युनियर मुली घेणार. शेवटी गुडघा किती वळतो ते मोजायचं. मोजायला दोन पात्यांची एक पट्टी असते. एक पातं मांडीला धरायचं, एक पोटरीला, आणि मधला कोन वाचायचा.

इथे पहिली ठिणगी पडली.

"मोजायला दुसरं कोणी ठेवा," शंकासुर म्हणाले.

"सर, ही पट्टी मी अर्धं आयुष्य हातात धरलीय. बाकीचे गुडघ्याचा मधला बिंदूच चुकवतात."

"पद्धत तुमची आणि मोजणारही तुम्हीच?"

"मला गट कळणारच नाहीत ना. पाकिटं माझ्याकडे नाहीत, व्यायाम मी घेत नाही. पेशंटांना सांगितलंय, काय केलंत ते मला बोलायचं नाही. माझ्या डोळ्यांवर पट्टीच बांधल्यासारखी आहे."

शंकासुरांनी टोपण चावलं. "ठीक आहे. मी नको म्हणालो होतो एवढं लिहून ठेवा."

ताईंनी ते लिहून ठेवलं, जरा फुरंगटूनच.

वर्षभर पेशंट येत राहिले. व्यायाम पडद्याच्या पलीकडे, ताई जेवायला किंवा वॉर्डात गेल्या असताना. मोजमाप पडद्याच्या अलीकडे. एक काका तर ताई दिसल्या की तोंडावर हात ठेवूनच आत यायचे. गुपित फुटू नये म्हणून. ताईंना हवं होतं ते एकच. पद्धत खरी ठरली की इस्पितळ ती आपल्या सगळ्या शाखांत नेणार होतं. वरिष्ठांनी तसा शब्द दिला होता. प्रबंध झाला की पदवी, आणि पदवीबरोबर पाढे शहरभर.

काम संपत आलेलं असताना त्या दोघी आल्या. विहिणी होत्या. एकीचा मुलगा, दुसरीची मुलगी. दोघींचे गुडघे एकाच सर्जनने पाठोपाठ बदललेले आणि चिठ्ठीने दोघी वेगवेगळ्या गटांत पडलेल्या. एकाच रिक्षाने यायच्या आणि भाडं कोणी द्यायचं यावरून वाद घालत आत शिरायच्या. त्या दिवशी दोघींचं शेवटचं मोजमाप होतं. ते उरकलं, मुलाची आई चपला घालायला लागली, पण मुलीची आई उठेना.

"एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचारा की," ताई म्हणाल्या.

"माझ्या वेळी तुम्ही 'अजून थोडं' एकदाच म्हणालात. आमच्या विहीणबाईंना तीनदा. मी पडद्याआड बसून ऐकलंय."

"अहो, माझा पाय जास्त वळतो म्हणून," मुलाची आई म्हणाली.

"तीनदा म्हटल्यावर माझाही वळला असता. पण तुम्ही मुलाची आई पडलात. लग्नात मान तुमचा, इथेही तुमचाच."

"अजून त्या साडीवरून बोलताय का?"

"साडीचं मी नावही काढलं नाही. तुम्हीच काढलंत."

ज्युनियर मुली तोंड फिरवून हसल्या. ताईंनाही हसू आलं. "पुन्हा कधी आलात तर तुम्हाला चारदा म्हणेन," त्या म्हणाल्या.

"उपकार नकोत. पण खरं सांगते, यांचे ओठ हलायला लागले की तुमचा चेहरा खुलतो. पडदा सरकवून बघितलंय मी."

दोघी भांडत भांडत रिक्षाकडे गेल्या. पुढचा पेशंट पलंगावर आला. ताईंनी पट्टी लावली. पेशंटने पाय दुमडला, थांबला, वाट पाहिली.

"ताई, आज काही म्हणत नाही?"

ताईंनी कोन वाचला आणि नुसता लिहून घेतला.

पाढे म्हणत व्यायाम केलेल्या माणसाला सवयच लागते. मोजमापाच्या वेळीही पाय दुमडायला लागला की त्याचे ओठ आपोआप हलतात. आवाज नाही, नुसते ओठ. ते ताईंना दिसत होते का? दिसत असणारच. आणि एकदा 'अजून थोडं' म्हटलं की गुडघा दोन-तीन अंश जास्त वळतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यावर तर त्यांचं नाव पडलं होतं.

पण त्या वर्गात बसून काही शिकल्या होत्या. विहिणीची तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या सिस्टरना गाठलं.

"माझ्या खोलीत येऊन बसाल? मी मोजताना 'अजून थोडं' किती वेळा म्हणते ते टिपायचं. आणि पेशंटचे ओठ हलतात का, तेही."

"तुम्हाला कळेल ना मी मोजतेय ते? मग तुम्ही सावध व्हाल."

"म्हणून कुठल्या पेशंटच्या वेळी टिपणार ते मला सांगू नका. रोज येऊन बसा. पेपर वाचत बसलात असं समजेन मी."

उरलेल्या पेशंटांचं मोजमाप होईपर्यंत सिस्टर ड्यूटी संपवून येऊन बसल्या. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. ओठ न हलणाऱ्यांना ताई बहुतेक एकदा म्हणाल्या होत्या. ओठ हलणाऱ्यांना दोनदा, तीनदा. एका बाईंना चारदा, आणि वर 'शाब्बास' सुद्धा.

"मी कोणाला काही बोलणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम केलं नाहीत तुम्ही."

"मुद्दाम केलं असतं तर निदान मला माहीत तरी असतं," ताई म्हणाल्या.

घरी त्या ताटावर नुसत्या बसून राहिल्या. सासूबाईंनी कारण काढून घेतलंच.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला आणि सिस्टरना. त्या बोलणार नाहीत."

"आणि तू?"

ताईंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझी बरणी फुटली तेव्हा मांजरावर ढकलायचं सोडून धावत सांगायला आलीस, तेही पाहुण्यांसमोर. आज ना उद्या तू सांगणारच. मग उद्याच सांग, निदान परवापासून जेवशील तरी."

दुसऱ्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ताई शंकासुरांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन कसली, फायलींच्या कपाटांमधली फट. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. विहिणी, ओठ, सिस्टरांचा कागद. 'कशावरून' विचारायला जागाच ठेवली नाही.

शंकासुरांनी फार्मसिस्टला बोलावून पाकिटं उघडली आणि आकडे मांडले. ओठ हलणारे जवळजवळ सगळे पाढ्यांच्या गटातले निघाले. आणि पाढ्यांचा गट पुढे होता. चांगलाच पुढे. असा तक्ता बघायला माणूस दोन वर्षं शिकतो.

"हा एवढाच घेऊन आला असतात तर टाळ्या पडल्या असत्या," शंकासुर म्हणाले. "मीही वाजवल्या असत्या."

ताईंनी तक्ता हातात घेतला. त्यांना तो आवडला होता. तो आवडला हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

"एक वाट आहे," शंकासुर म्हणाले. "हाच विषय करा. मोजणाऱ्याच्या शब्दाने मोजमाप कसं बदलतं. सिस्टरांच्या टिपणात भर घाला, प्रबंध वेळेत होईल. वाईट नाही, उलट चांगला होईल."

"तो माझ्या जिभेबद्दल होईल. पेशंटच्या गुडघ्याचं काय?"

"गुडघ्यासाठी पुन्हा सुरुवात करावी लागेल. नवे पेशंट. मुदतवाढ. तुमच्या बरोबरीचे सगळे पदवी घेऊन मोकळे होतील."

"होऊ देत."

"आणि निकाल उलटा आला तर?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, वाईट वाटेल तीच गोष्ट घ्या. मग वाटू दे की वाईट."

शंकासुरांनी टोपण तोंडातून काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ताईंना बसायला खुर्ची दिली. इतका वेळ आपण त्यांना उभंच ठेवलं, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या शनिवारी ताईंनी हे वर्गासमोर सांगितलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी. दातांच्या डॉक्टरीणबाई डोळे पुसायला लागल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "रडू नका हो. तुम्हीही म्हणता ना, 'दुखत नाहीये ना?' आणि मग लिहिता, पेशंटला दुखलं नाही." वर्ग हसला. मग हसता हसता एकेक जण आपापल्या खोलीत आपण काय म्हणतो ते आठवायला लागला. डॉक्टरांपैकी एकाने तिथेच आपल्या प्रबंधातला एक प्रश्न खोडला.

दुसरा अभ्यास सुरू झाला. या वेळी मोजायला दुसऱ्या इस्पितळातले एक अबोल गृहस्थ आले. पाढ्यांबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती आणि विचारायची हौसही नव्हती. सगळ्या पेशंटांच्या तोंडाला मास्क, म्हणजे ओठ झाकलेले. आणि मोजणाऱ्याने बोलायचं एकच वाक्य, कार्डावर छापलेलं, एकदाच वाचायचं: 'जमेल तेवढा पाय दुमडा.'

ताईंना मोजमापाच्या वेळी खोलीत थांबायला बंदी होती. बंदी त्यांनीच घातलेली. त्या बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. एकदा ज्युनियर मुलीने पाहिलं, ताई बंद दाराकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. पाढा म्हणत नव्हत्या.

"काय बघतेस? इथून आत ऐकू जात नाही," ताई म्हणाल्या.

बरोबरीचे सगळे पदवी घेऊन गेले. फार्मसिस्टला बढती मिळाली. पाकिटांचं काम मात्र त्याने सोडलं नाही. दर आठवड्याला यायचा. सिस्टरही मधून मधून पेपर घेऊन बसायला यायच्या, आता खरोखर वाचायला. इस्पितळातल्या वरिष्ठांनी एकदा ताईंना बोलावून विचारलं, पहिल्या अभ्यासाचे आकडे चांगले होते म्हणे, ते वापरून शाखांना पाठवायला काय हरकत आहे? ताई म्हणाल्या, "आकडे चांगले होते, मोजणारी चांगली नव्हती." वरिष्ठांना वाटलं, बाई विनय दाखवतेय.

निकाल लागला. दोन्ही गटांचे गुडघे सारखेच वळले होते. पाढे म्हणणाऱ्यांपैकी काहींनी दुखणं कमी वाटल्याचं सांगितलं होतं, पण तो फरक इतका बारीक की एवढ्या पेशंटांवरून ठामपणे काही म्हणता येईना. ताईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. 'म्हणता येत नाही.' शंकासुरांनी तिथे एखादं भारदस्त वाक्य सुचवलं, ते त्यांनी घेतलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुमची पद्धत चुकीची ठरली."

"चुकीची नाही हो, जास्तीची," ताई म्हणाल्या. "पाढ्यांनी कोणाचं नुकसान झालं नाही. गुडघा वळला तो व्यायामाने. इतकी वर्षं श्रेय मात्र मी पाढ्यांना देत होते."

"आणि थोडं स्वतःला," परीक्षक म्हणाले.

"थोडं नाही," ताई म्हणाल्या.

परीक्षकांनी मान खाली घालून गुण लिहिले. किती लिहिले ते शंकासुरांना दिसलं. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना चहा पाजला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "पास?"

"पास."

"आणि पाढे?"

"नापास."

सासूबाईंनी जरा विचार केला. "मग आता माझा गुडघा दाखवायला हरकत नाही. मला सतराचा येत नाही म्हणून मी इतके दिवस ऑपरेशनला नाही म्हणत होते."

खरं काम त्यानंतर सुरू झालं. भिंतीवरचा तक्ता ताईंनी पहिल्याच सकाळी उतरवला. पण माणसांच्या डोक्यातले पाढे उतरवायचे तर एकेका माणसाशी बोलायला हवं. सर्जनांच्या चिठ्ठ्या येतच होत्या, 'पाढे.' ताई प्रत्येकाला फोन लावून सांगायच्या. दोघांनी ऐकलं. एक म्हणाले, "ताई, तुमचा हात आहे, तुम्ही काहीही म्हणायला लावा." हे कौतुक त्यांना बोचलं. त्यांनी पुढच्या आठवड्यात प्रबंध काखेत मारून त्या सर्जनचं दार वाजवलं.

आणि पेशंट. एक बाई आल्या, नव्या ऑपरेशनच्या. व्यायाम नीट समजून घेतला, मग घुटमळल्या.

"माझ्या जावेला तुम्ही पाढे दिले होते म्हणे. मला नाही देणार?"

"आम्ही ते तपासून पाहिलं. पाढे म्हटले काय, न म्हटले काय, गुडघा सारखाच वळतो."

"पण जाऊ तर म्हणते, तुमच्या पाढ्यांनीच तिचा पाय सुटला."

"तिचा पाय तिने रोज व्यायाम केला म्हणून सुटला."

बाई हिरमुसल्या. जावेला मिळालेलं काहीतरी आपल्या वाट्याला आलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाहेर रांग होती. 'म्हणा हवे तर' एवढं म्हटलं असतं तर त्या खूश होऊन गेल्या असत्या. ताईंचं नावही राहिलं असतं.

ताईंनी ज्युनियरला रांग सांभाळायला सांगितलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणाल्या, "बसा. मी आधी काय चुकीचं मोजलं होतं ते तुम्हाला सांगते."